शर्यतीची जुनी गाडी रस्त्यावर आणली, पण सिग्नलला थांबली की तापते : कारण कसे शोधावे

शर्यतीतून निवृत्त झालेली एखादी गाडी कोणीतरी हौसेने विकत घेतो, तिला दिवे, वायपर, हॉर्न, आरसे आणि मडगार्ड बसवतो, नोंदणीची पाटी लावून तिला हॉट रॉड (जुनी बॉडी आणि तगडे इंजिन असलेली हौसेची गाडी) म्हणून रस्त्यावर आणतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक दुखणे मागे लागते. मोकळ्या रस्त्यावर गाडी उत्तम चालते. मात्र ओळीने तीन-चार सिग्नल लागले किंवा कोंडी झाली की तापमानाचा काटा वर चढू लागतो आणि पुन्हा वेग मिळाल्याखेरीज खाली येत नाही. मग रेडिएटर बदलला जातो, थंडीचे दिवस येतात, गाडी बरी झाली असे वाटते, आणि पुढच्या जून महिन्यात तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते.

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या डेट्रॉईट परिसरात हे फार ठळकपणे दिसते. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेल ते पाँटिॲक या पट्ट्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो, त्यात मैलोन् मैल रांग पायी चालण्याच्या गतीने सरकत असते, आणि रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये एकेकाळी ट्रॅकवर धावलेल्या गाड्या हमखास आढळतात. या भागातील मोटार उद्योगात काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांना या छंदाची गोडी लागली आहे, त्यांच्यासाठी प्रामुख्याने हे लिहीत आहे. (महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, त्यामुळे पुढील विवेचन भारतातील रस्त्यांसाठी नाही.) मिशिगनमध्ये अशा गाडीची नोंद सुट्या भागांतून जुळवलेले वाहन म्हणून होते आणि त्यासाठी पोलिसांकडून तपासणी करून घ्यावी लागते, मात्र तेथे दरवर्षीची सुरक्षा तपासणी नाही. म्हणून कागदपत्रे हातात आली याचा अर्थ गाडी रस्त्याच्या रोजच्या वापराला तयार झाली, असा कोणी घेऊ नये.

गाडीचा पूर्वेतिहास आधी विचारावा

अमेरिकेच्या ईशान्य भागात १९५० आणि १९६० च्या दशकांत लहान लंबगोल ट्रॅकवर धावणाऱ्या ‘मॉडिफाइड’ वर्गातील गाड्यांना बहुधा १९३० च्या दशकातील फोर्ड किंवा शेव्हरोले कूपेची (दोन दारांच्या छोट्या गाडीची) बॉडी असे. पुढे १९७० च्या दशकात पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन अशा नव्या गाड्यांच्या बॉडी वापरल्या जाऊ लागल्या आणि जुन्या कूपे गोठ्यांत, गोदामांत पडून राहिल्या. हॉट रॉड बांधणाऱ्याला नेमक्या त्याच हव्या असतात, कारण छाटलेले छत, मजबूत चौकट आणि तगडे इंजिन या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. इंजिन बहुतेक वेळा शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ असते. हे इंजिन १९५५ मध्ये २६५ घनइंचांचे होते आणि त्याचा सर्वांच्या परिचयाचा ३५० घनइंचांचा अवतार १९६७ मध्ये आला. पुढील सर्व विवेचन याच इंजिनाला धरून आहे, कारण रस्त्यावर आणलेल्या गाड्यांमध्ये तेच सर्वाधिक आढळते.

विकत घेताना जुन्या मालकाला विचारण्याचा पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसावा. ‘गाडी कोणत्या इंधनावर धावत होती’ हा असावा. अनेक ट्रॅक गाड्या मेथॅनॉलवर चालत. मेथॅनॉलची एक किलो वाफ होताना सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तर पेट्रोलच्या बाबतीत हा आकडा साधारण ३५० आहे. शिवाय तेवढ्याच हवेसाठी मेथॅनॉल वजनाने दुपटीहून अधिक लागते. म्हणजे आत येणारे मिश्रणच इंजिनाला आतून गार करत असे, आणि म्हणूनच त्या गाडीला लहान रेडिएटर पुरत होता. त्याच इंजिनाला पंपावरचे पेट्रोल पाजले की आतला गारवा नाहीसा होतो आणि सगळा भार त्या लहान रेडिएटरवर पडतो. अशा गाडीला मोठा रेडिएटर लागणारच, आणि तेथे तो घेण्यात काही चूक नाही. ज्या गाडीचा इतिहास पेट्रोलचा आहे, तिच्या बाबतीत मात्र रेडिएटरकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरोखर तापते आहे का, आणि केव्हा तापते

काट्यावर विसंबून खर्चाला लागू नये. शर्यतीच्या गाडीतील मापक जुना असतो, त्याचे सेन्सर कधी सिलिंडर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) तर कधी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या भागात) बसवलेले असते, आणि या दोन जागांच्या तापमानांत फरक असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ प्रत्यक्ष मोजावे. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण खोटे आकडे दाखवते, म्हणून मोजण्याच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका किंवा काळी चिकटपट्टी लावावी. ८२ अंश सेल्सियसचा, म्हणजे १८० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट असलेल्या इंजिनाने कोंडीत ९५ ते १०० अंशांपर्यंत जाणे हे तापणे नव्हे. पाणी आणि ग्लायकॉल समप्रमाणात असतील आणि रेडिएटरची टोपी १५ पौंड दाबाची व धडकी असेल, तर मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. १०५ च्या पुढे जाऊन काटा चढतच राहिला, तर मात्र शोध घेणे भाग आहे.

त्यानंतर सर्वांत मोलाची माहिती म्हणजे वेग. उभी असताना तापते आणि ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर निवते, तर दोष रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेत किंवा आयडलिंगच्या (थांबलेल्या गाडीचे इंजिन नुसते चालू असण्याच्या) वेळच्या ज्वलनात आहे, कारण तेवढ्या वेगानंतर समोरून येणारा वारा पंख्याचे काम स्वतःच करतो. उभी असताना ठीक आणि महामार्गावर तापते, तर पाण्याचा प्रवाह, रेडिएटरची क्षमता किंवा गिअरचा रेशो संशयित ठरतो. दोन्ही वेळा तापते, तर आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), हवा-इंधनाचे मिश्रण आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला जोड बंद ठेवणारा थर) पाहावे. हा भेद न करता सुटे भाग बदलत राहिल्यामुळेच हे दुखणे दरवर्षी परत येते.

हेड गॅस्केटची शंका तेथल्या तेथे फेडून घेता येते. रेडिएटरच्या तोंडावर लावण्याची एक पारदर्शक नळी आणि तिच्यात भरण्याचा निळा द्रव सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळतो. इंजिन गार असताना टोपी काढून, पाण्याची पातळी थोडी खाली आणून इंजिन सुरू करावे आणि रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढावी. पाण्यात ज्वलनाचा वायू येत असेल, तर निळा द्रव हिरवट होत होत पिवळा पडतो. तो निळाच राहिला, तर पुढच्या तपासणीला निश्चिंतपणे लागावे.

हवा

उभ्या गाडीच्या तापण्यात हवेचा वाटा मोठा असतो आणि उपायही तुलनेने स्वस्त असतात. ट्रॅकच्या गाडीला पंखा बहुधा नसतोच, किंवा नावापुरता असतो. पंख्याभोवतीचे श्राउड (हवा पंख्याकडे वळवणारे वेष्टन) तर वजन वाचवण्यासाठी केव्हाच काढून टाकलेले असते. श्राउड नसताना पंखा आपल्या पात्यांच्या वर्तुळाएवढ्याच भागातून हवा ओढतो. उदाहरणार्थ, १९ इंच उंच आणि २२ इंच रुंद अशा रेडिएटरच्या जाळीदार गाभ्याचे क्षेत्रफळ ४१८ चौरस इंच भरते आणि त्यावर टेकवलेल्या १६ इंची पंख्याचे वर्तुळ केवळ २०१ चौरस इंच असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक रेडिएटर उभ्या गाडीत निकामी राहतो. पूर्ण गाभा झाकणारे श्राउड बसवावे, आणि पंखा इंजिनवर असेल तर त्याची पाती श्राउडच्या तोंडात निम्मी आत व निम्मी बाहेर राहतील असे अंतर साधावे.

हवा खरोखर ओढली जाते का, हे वर्तमानपत्राच्या कागदाने कळते. गाडी उभी असताना, पंखा चालू ठेवून, ग्रिलच्या बाजूने कागदाचा तुकडा गाभ्यावर सोडावा आणि तो कोपऱ्यांसह सगळीकडे चिकटून राहतो का ते पाहावे. मध्यभागी चिकटतो आणि कडेला गळून पडतो, तर श्राउडमध्ये फट आहे. कोठेच चिकटत नाही, तर पंखा दुबळा आहे किंवा उलटा फिरतो आहे. विजेच्या पंख्याच्या दोन वायर उलट जोडल्या की तो वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलतो. रेडिएटर आणि चौकट यांच्यामधील फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि इंजिनाकडची गरम हवा त्याच फटींतून पुन्हा पुढे येऊन गाभ्यात शिरते.

आत आलेली हवा बाहेरही पडली पाहिजे. ट्रॅकवर बॉनेटच्या बाजू उघड्या असत. रस्त्यासाठी गाडी देखणी करताना त्या बंद केल्या जातात आणि खालून पत्रा ठोकला जातो. जुन्या हॉट रॉडच्या बॉनेटवर ज्या खाचांच्या रांगा दिसतात, त्या शोभेसाठी जन्मलेल्या नाहीत. बॉनेटच्या बाजू काढून एकदा कोंडीत फिरून यावे. तापमान लक्षणीय उतरले, तर उत्तर मिळाले.

वीज

पंखा विजेचा असेल, तर तपास येथे संपत नाही. चांगला पंखा २५ ते ३५ अँपिअर घेतो. त्यात विजेचा इंधन पंप, इग्निशन आणि हेडलाइट मिळवले, की रात्रीच्या कोंडीत मागणी ५० अँपिअरच्या पुढे जाते. शर्यतीच्या गाडीवरचा लहान आल्टरनेटर, त्यातही इंजिनाची ताकद वाचवण्यासाठी मोठ्या पुलीवर सावकाश फिरणारा, आयडलिंगला एवढी वीज देऊच शकत नाही. एकाच वायरवर चालणारे काही आल्टरनेटर तर सुरू केल्यानंतर एकदा रेस दिल्याशिवाय चार्जच करत नाहीत. व्होल्टेज पडले की पंख्याचा वेग पडतो, आणि हे नेमके तेव्हाच घडते जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते.

मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजावे : आल्टरनेटरच्या मागच्या खिळीवर आणि चालू पंख्याच्या प्लगवर. पहिल्या ठिकाणी १३.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १२.२ असे आकडे आले, तर दीड व्होल्टपेक्षा जास्त वीज वाटेतच हरवते आहे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट खपवून घेऊ नये. बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत आणि फायबरच्या बॉडीच्या गाड्यांत दोष बहुधा अर्थिंगच्या बाजूला असतो. पंख्याला स्वतंत्र ४० अँपिअरचा रिले, १० गेजची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि चौकटीपर्यंत थेट जाणारी अर्थ वायर द्यावी. पंखा चालू करणारा तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटच्या आकड्याच्या वरचा असावा; ८२ च्या थर्मोस्टॅटबरोबर ९१ ते ९३ अंशांना सुरू होणारा आणि ८५ च्या आसपास बंद होणारा स्विच योग्य जुळतो. स्विच थर्मोस्टॅटच्या खालचा असेल, तर पंखा कधीच थांबत नाही आणि आल्टरनेटरला उसंत मिळत नाही.

टायमिंग : ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही

हवा आणि वीज दोन्ही ठीक असूनही गाडी सिग्नलला तापत असेल, तर डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) वळावे. माझ्या पाहण्यातील ज्या गाड्यांवर रेडिएटरमागून रेडिएटर बदलले गेले, त्यांपैकी बऱ्याच गाड्यांचे मूळ येथे निघाले, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

शर्यतीत थ्रॉटल बहुतेक वेळ पूर्ण उघडे असते. सिलिंडर भरगच्च भरतो, मिश्रण वेगाने जळते, आणि सुमारे ३४ ते ३६ अंशांचे एकच ठरावीक ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी, इंजिनाच्या फेऱ्याचे जितके अंश आधी ठिणगी पडते ते) पुरते. म्हणून शर्यतीच्या डिस्ट्रिब्युटरवर किंवा मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या उपकरणावर) व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इनटेकमधल्या व्हॅक्यूमच्या ओढीने ठिणगी आणखी आधी पाडणारी सोय, नसते. आयडलिंगची स्थिती याच्या अगदी उलट असते. थ्रॉटल जवळजवळ बंद असते, आत येणारे मिश्रण विरळ असते, आणि शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामुळे) दोन्ही व्हॉल्व्ह बराच काळ एकत्र उघडे राहत असल्याने त्यात जळालेला वायूही पुष्कळ मिसळलेला असतो. असे मिश्रण ओल्या लाकडासारखे सावकाश जळते. त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. ती उशिरा पडली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जाळ चालूच राहतो आणि तो जाळ एक्झॉस्ट पोर्टमधून जाताना भोवतालच्या पाण्याला तापवतो. स्मॉल ब्लॉकच्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट पोर्ट एकमेकांना चिकटून असल्यामुळे ही उष्णता हेडच्या मध्यभागी एकवटते. अंधारात गाडी आयडलिंगला ठेवली असता हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लालसर दिसू लागले, तर ठिणगी उशिरा पडते आहे अशी दाट शंका घ्यावी.

गंमत अशी, की शर्यतीत ३६ अंशांवर जखडलेले टायमिंग आयडलिंगला गाडी तापवत नाही. त्यामुळे सुरू करताना स्टार्टरला झटके बसतात, एवढेच. दुखणे सुरू होते ते गाडी ‘रस्त्यासाठी सोपी’ करताना. कोणीतरी जुने कारखान्याचे पुस्तक उघडून प्राथमिक टायमिंग ४ किंवा ८ अंशांवर आणतो, पण त्या पुस्तकातील इंजिनाला सौम्य कॅमशाफ्ट आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्स होते, हे विसरले जाते. परिणामी शर्यतीचा कॅमशाफ्ट असलेले इंजिन आयडलिंगला ८ अंशांवर चालते, जेव्हा त्याला २५ किंवा त्याहून जास्त हवे असतात.

चाचणी सोपी आहे. टायमिंग लाइट लावून, गरम इंजिनावर ८०० आरपीएमला डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवून चार-पाच अंशांनी ॲडव्हान्स वाढवावे. आरपीएम आपोआप चढले, इनटेकमधला व्हॅक्यूम वाढला आणि काही मिनिटांत काटा खाली सरकला, तर निदान पक्के झाले. तो ॲडव्हान्स तसाच ठेवून गाडी चालवू नये, कारण वरच्या आरपीएमला एकूण टायमिंग मर्यादेबाहेर जाऊन पिस्टनला इजा होऊ शकते. कायमचा उपाय म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेला डिस्ट्रिब्युटर घ्यावा. प्राथमिक टायमिंग १२ ते १६ अंश ठेवावे, डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या वजनांनी मिळणारे ॲडव्हान्स मर्यादित करून ३,००० आरपीएमच्या आसपास एकूण ३४ ते ३६ होऊ द्यावे, आणि त्याशिवाय व्हॅक्यूमचे १० ते १५ अंश थेट मॅनिफोल्डच्या जोडणीवरून घ्यावेत. थ्रॉटल उघडले की व्हॅक्यूम पडते आणि ते अंश आपोआप निघून जातात, त्यामुळे जोर लावताना धोका राहत नाही. व्हॅक्यूमचा डबा निवडताना मात्र आधी गेज लावून पाहावे : तिखट कॅमशाफ्टच्या इंजिनात आयडलिंगला कित्येकदा १० इंच पाऱ्याइतकेच व्हॅक्यूम मिळते, आणि १५ इंचांना उघडणारा डबा तेथे काहीच करत नाही. आयडलिंगच्या व्हॅक्यूमपेक्षा दोन इंच आधी पूर्ण ओढणारा डबा हवा.

त्याच बैठकीत कार्बोरेटरही पाहून घ्यावा. शर्यतीच्या कार्बोरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या (जोर लावताना जादा इंधन सोडणाऱ्या झडपेच्या) जागी बूच बसवलेले असते आणि मोठे जेट घातलेले असतात; रस्त्यासाठी जेट लहान करताना ते बूच तसेच राहिले, तर जोर लावल्यावर मिश्रण विरळ पडते आणि उष्णता वाढते.

कॉम्प्रेशनचाही, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटीने दाबले जाते याचाही, येथेच विचार करावा. १२ किंवा त्याहून अधिक रेशोचे इंजिन शर्यतीच्या इंधनासाठी बांधलेले असते. पंपावर मिळते ते कॅलिफोर्नियात ९१ आणि मिशिगनसारख्या राज्यांत ९३ ऑक्टेनचे. लोखंडी हेडला साधारण ९.५ आणि ॲल्युमिनियम हेडला १०.५ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे आहे. ठोके (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू येतात म्हणून टायमिंग मागे घेतले जाते आणि टायमिंग मागे घेतल्यामुळे गाडी तापते, असे चक्र सुरू होते. अशा वेळी ६४ घनसेंटिमीटरच्या ज्वलनकक्षाऐवजी ७६ चे हेड बसवले तर ३५० इंजिनाचा रेशो साधारण एक अंकाने खाली येतो. जाड गॅस्केट घालण्याचा मार्ग स्वस्त असला तरी मी सुचवणार नाही, कारण पिस्टन आणि हेड यांच्यातील अंतर वाढून ठोके कमी होण्याऐवजी वाढू शकतात.

पाणी

ट्रॅकवर ग्लायकॉलला बहुधा मनाई असते, कारण ते सांडले तर ट्रॅक निसरडा होतो. म्हणून अशा इंजिनात वर्षानुवर्षे साधे पाणी फिरलेले असते आणि ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) तळाशी गंजाचा लगदा साचलेला असतो. दोन्ही बाजूंची ड्रेनची बुचे काढावीत. बूच काढूनही पाणी येत नसेल, तर तारेने आत टोचून लगदा फोडावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक उलट दिशेने धुवावा. नंतर समप्रमाणातील मिश्रण भरावे. मिशिगनच्या हिवाळ्यात ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

थर्मोस्टॅटच्या जागी छिद्राची चकती असेल तर ती काढून थर्मोस्टॅट बसवावा आणि हवा निघून जाण्यासाठी त्याच्या कडेला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. वॉटर पंपची पुली क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीपेक्षा मोठी असेल, तर पंप इंजिनापेक्षा सावकाश फिरतो. सात हजार आरपीएमला ते योग्य होते, ८०० ला नाही. पुली बदलून पंप इंजिनापेक्षा थोडा जास्त वेगाने फिरेल असे करावे. पंपाची दिशाही तपासावी : साध्या व्ही-बेल्टचा पंप आणि सर्पंटाइन बेल्टचा उलट फिरणारा पंप बाहेरून सारखेच दिसतात, आणि चुकीचा बसला तर पाणी अर्धवटच फिरते. खालच्या होजला हाताने दाबून पाहावे. आत स्प्रिंग नसलेला मऊ होज आरपीएम वाढले की चपटा होतो, आणि तेव्हा गाडी महामार्गावर तापते.

हॉट रॉडचे नाक सुंदर दिसावे म्हणून रेडिएटर खाली उतरवला जातो, आणि मग इंजिनाचा माथा रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच होतो. तेथे हवा अडकते आणि कितीही वेळा पाणी भरले तरी पातळी पूर्ण होत नाही. सर्वांत उंच जागी टोपी असलेली वेगळी टाकी बसवणे, हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे.

गिअरचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. २८ इंची टायर आणि ४.५६ चा रेशो असेल, तर ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे ३,२८० आरपीएमने फिरत राहते; ३.५० चा रेशो आणि ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर) दिला तर तोच आकडा १,७६० वर येतो. महामार्गावर तापणाऱ्या गाडीला हा बदल कोणत्याही रेडिएटरपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमध्ये शर्यतीचा सैल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ट्रान्समिशन तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग) असेल, तर त्याच्या तेलाला स्वतंत्र कूलर द्यावा. ती उष्णता रेडिएटरच्या टाकीत सोडू नये.

सगळे करूनही तापत असेल, तर ब्लॉक कोणता आहे ते पाहावे

मी जिच्यावर काम केले, त्या १९३४ च्या कूपेचे इंजिन ३५० म्हणून विकले गेले होते. हवा, वीज, टायमिंग सगळे जागेवर आणल्यावर काटा बराच सुधारला, तरी कोंडीत तो अचानक उडी मारून पुन्हा खाली येई आणि गाडी बंद केल्यावर आतून खदखद ऐकू येई. ब्लॉकच्या मागच्या कडेला, बेलहाउसिंगच्या जोडाजवळ असलेला ओतीव क्रमांक तेल आणि रंग खरवडून वाचला, तेव्हा तो ४०० घनइंचांचा ब्लॉक निघाला. ट्रॅकवरचे लोक ४०० च्या ब्लॉकमध्ये ३५० चा क्रँक घालून ३७७ घनइंचांचे इंजिन आवडीने बांधत, त्यामुळे क्रँकच्या बॅलन्सरवरून ओळख पटत नाही.

१९७० मध्ये आलेल्या ४०० च्या ब्लॉकमध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्यांच्या मधून पाणी जात नाही. तेथे तयार होणारी वाफ वर निघून जावी म्हणून ब्लॉक, गॅस्केट आणि हेड या तिन्हींत लहान छिद्रे ठेवलेली असतात. ३५० चे हेड त्यावर बिनछिद्राचे बसवले, किंवा ३५० चे गॅस्केट वापरले, की वाफ कोंडते, आणि काट्याची ती उडी म्हणजे सेन्सरवरून गेलेला वाफेचा बुडबुडा असतो. हेड काढून, ४०० चे गॅस्केट त्यावर ठेवून छिद्रांच्या खुणा कराव्यात आणि मशीन शॉपमध्ये ती पाडून घ्यावीत. या कूपेत ते काम झाल्यावर उडी आणि खदखद दोन्ही थांबल्या.

ड्रॅग शर्यतीतून आलेल्या ब्लॉकची आणखी एक शक्यता असते : सिलिंडरांच्या भिंती हलू नयेत म्हणून पाण्याच्या जागेत सिमेंटसारखा भराव ओतलेला असतो. वॉटर पंपचे छिद्र उघडून टॉर्चने आत पाहावे आणि लांब तार घालून खोली मोजावी. भराव छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच असेल, तर तेलाला मोठा कूलर देऊन ते इंजिन रस्त्यावर चालवता येते, कारण खालच्या भागाची उष्णता आता तेलाकडे जाते. भराव वरपर्यंत असेल, तर त्या ब्लॉकवर रस्त्यासाठी एक पैसाही खर्च करू नये. तो शर्यतीच्या माणसाला विकावा आणि त्या पैशांत साधा ३५० घ्यावा. सिलिंडर इंचाच्या ६० हजारांशांपर्यंत कोरून मोठे (बोअर) केलेला ब्लॉक असेल, तर भिंतींची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घेतल्याशिवाय त्याचाही भरवसा धरू नये.

दुरुस्तीनंतरची चाचणी गार दिवशी करू नये. बाहेर ३० अंशांच्या पुढे तापमान असताना गाडी आधी वीस मिनिटे चालवावी, मग सावली नसलेल्या जागी उभी करून बॉनेट बंद, हेडलाइट चालू आणि ट्रान्समिशन ऑटोमॅटिक असेल तर चाकांना अटकाव लावून, ब्रेकवर पाय ठेवून ड्राइव्हमध्ये अर्धा तास आयडलिंगला ठेवावी. दर पाच मिनिटांनी तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज लिहून ठेवावे. पहिल्या पंधरा मिनिटांत तापमान चढून नंतर एका आकड्यावर स्थिरावले आणि व्होल्टेज १३ च्या खाली गेले नाही, तर गाडी वुडवर्डच्या रांगेत नेण्यास हरकत नाही. तापमान स्थिर न होता दर नोंदीला दोन-दोन अंश वाढत असेल, तर इंजिन बंद करावे, आणि व्होल्टेजचा स्तंभ आधी वाचावा : तो तापमानाबरोबर घसरत असेल तर पुन्हा विजेकडे वळावे, आणि तो स्थिर असेल तर टायमिंग लाइट हातात घ्यावा.